पिट्सबर्ग आणि आसपास: राहणाऱ्यांचा, राहून गेलेल्यांचा धागा

कातरवेळ

जर्सी सोडून पिट्सबर्गला आलो त्याला आता सहा वर्षं होतील. निघताना जर्सीतल्या मैत्रिणी समाचाराला यावं तशा येऊन गेल्या. "पिट्सबर्ग म्हणजे ते बालाजीचं देऊळ ना? बसने गेलो होतो एकदा. कँटीनमधला चिंचेचा भात फार छान असतो." शहराची ओळख एवढीच. मलाही त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. पोलाद, धूर आणि मॅचच्या दिवशी फिरवायचे ते पिवळे टॉवेल.

घर बघायला विमानाने आलो. विमानतळावरून येताना बराच वेळ नुसत्या टेकड्या नि झाडी. मग फोर्ट पिट बोगदा. गाडी बोगद्यातून बाहेर पडते ती थेट पुलावरच, आणि पडदा सर्रकन ओढावा तसं अख्खं शहर समोर. उंच इमारती, पिवळे पूल, खाली नदी. नवऱ्याला त्याच दोन सेकंदांत हवी ती लेन पकडायची होती, त्यामुळे त्याने काहीही पाहिलं नाही. अजून बोलतो त्यावरून.

इथे अलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या भेटतात आणि पुढे ओहायो होतात. पुण्यात निदान मुळा-मुठा असं जोडनाव तरी राहिलं, इथे दोघींनी आपापली नावं टाकून दिली. संगमावर आपल्याकडे घाट नि देऊळ असतं, इथे दीडशे फुटी कारंजं आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी पोरांना घेऊन तिथे जाऊन बसायचं. पैसे लागत नाहीत, फक्त पार्किंगचे लागतात (ते बरेच लागतात).

१९५० मध्ये या शहरात ६,७६,८०६ माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ३,०२,९७१. दुप्पट माणसांच्या मापाने शिवलेला सदरा उरलेले लोक घालून फिरताहेत असं मला पहिल्या वर्षी सारखं वाटायचं. पण त्या ढगळपणाचाच फायदा आम्हाला झाला. जर्सीत दोन खोल्यांचं जे भाडं द्यायचो, त्याहून कमी हप्त्यात इथे अंगण, तळघर आणि फणसाएवढ्या खारींसकट घर मिळालं. ग्रंथालय, संग्रहालयं, बागा हे सगळं त्या जुन्या श्रीमंत काळात मोठ्या शहरासाठी बांधलेलं, आणि रांग मात्र लहान गावाची.

इथे कोण कोण आहे? शहरात काय आवडतं, वीकेंडला कुठे जाता, लिहा. नावं ठेवायची असतील तरी लिहा.

अनुस्वार

वाचतोय. फणसाएवढ्या खारी हे अंमळ जास्त झालं.

कातरवेळ

या एकदा. बर्ड फीडरवर लटकलेली दाखवते.

मॉन्रोव्हिलकर_मावशी

अगं, किती वर्षांनी कुणीतरी आमच्या गावावर धागा काढला! मी १९८८ पासून इथे आहे. आम्ही आलो तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि 'विकणे आहे'च्या पाट्या एवढंच होतं. गिरण्या नुकत्याच बंद पडलेल्या. तरुण पोरं कामासाठी टेक्सास नि फ्लोरिडाला पांगली. म्हणून तर देशात कुठेही जा, स्टीलर्सचा (इथला अमेरिकन फुटबॉल संघ) झेंडा लावलेला बार सापडतोच. माहेर सुटलेल्या मुली सणाला जमतात तशी ती मंडळी रविवारी जमतात.

देऊळ १९७६ चं आहे हो. आज उत्तर अमेरिकेत गल्लोगल्ली देवळं झाली, पण त्या काळी कॅनडातूनसुद्धा माणसं मुंजी नि बारशी करायला पेन हिल्सच्या त्या टेकडीवर यायची. चिंचेच्या भाताबद्दल मैत्रीण बरोबर बोलली. दहीभातही घ्यायचा, आणि दोन्ही एका ताटात नाही घ्यायचे.

ऑगस्टात_येतोय

नमस्कार, मी नाशिकचा. सीएमयूला (कार्नेगी मेलन विद्यापीठ) मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळाली आहे. राहायला कुठली जागा बरी? नकाशावर ग्रीनफिल्ड स्वस्त दिसतंय आणि कॉलेजपासून फार लांबही नाही. रोज चालत जाता येईल ना?

मॉन्रोव्हिलकर_मावशी

बाळा, इथे नकाशावर विश्वास ठेवायचा नाही. नकाशात अर्धा मैल असतो, मध्ये दरी निघते. स्क्विरल हिल किंवा शेडीसाइड बघ. ६१ आणि ७१ नंबरच्या बस कॉलेजवरून जातात, तुमच्या आयडीवर तिकीट लागत नाही. ग्रीनफिल्डही चांगलं आहे, पण जानेवारीत तो उतार उतरताना मावशीची आठवण काढशील.

कातरवेळ

मावशी म्हणतात ते खरंच आहे. शहरात सातशेच्या वर सार्वजनिक जिने आहेत. गिरणीतले कामगार टेकडीवर राहायचे आणि पाळीला खाली नदीकाठी उतरायचे, त्यांच्यासाठी बांधलेले. त्यातले कित्येक कागदोपत्री रस्ते आहेत! नावाची पाटी लावलेली, जीपीएस सांगतं उजवीकडे वळा, आणि उजवीकडे काय, तर गवत उगवलेल्या दीडशे पायऱ्या. बीचव्ह्यूत कँटन ॲव्हेन्यू नावाची गल्ली आहे, तिचा चढ ३७ टक्के. हौशी लोक तिथे सायकली घालतात आणि अर्ध्यात आडवे होतात.

दोन गोष्टी आल्याआल्या शिकून घे. एक, बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या पार्किंगमध्ये कुणी जुनी खुर्ची ठेवली असेल तर ती हलवायची नाही. कायद्यात ती खुर्ची नाही, पण बसमधल्या रुमालाला आपल्याकडे जो मान आहे तोच तिला. दोन, सिग्नल हिरवा झाला की समोरचा डावीकडे वळणारा तुझ्या आधी सटकणार. त्याला जाऊ द्यायचं आणि हात करायचा.

आणि भाषा. इथली जुनी माणसं 'यिन्झ' म्हणतात, म्हणजे तुम्ही सगळे. इंग्रजीत अनेकवचनी 'तुम्ही' नाही याची मला शाळेपासून चुटपुट होती, ती इथे भरून निघाली. वाक्याच्या शेवटी 'एन्-ॲट' लावतात ते म्हणजे आपलं चहाबिहामधलं 'बिहा'.

लालबागचा_भोंगा

मी मुलीकडे येऊन-जाऊन असतो, स्विसव्हेलला. सहा महिने इथे, सहा महिने लालबागला. वडील परळच्या कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. म्हणून माझं पिट्सबर्ग जरा वेगळं आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पहिल्या खेपेला जावई होमस्टेडच्या मॉलमध्ये घेऊन गेले. 'वॉटरफ्रंट' म्हणतात त्याला. सिनेमा, कपड्यांची दुकानं, खायचे ठेले, जे कुठेही असतं ते. आणि पार्किंगच्या कडेला एका रांगेत विटांची बारा धुराडी. नुसती उभी. खाली काही नाही, गिरणी नाही, भट्टी नाही. मी गाडीतून उतरून आधी ती मोजली. मुलगी म्हणाली, "बाबा, काय बघताय?" काय सांगणार? फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला नि चिमणी तेवढी ठेवली, ती बघायला मी एकदाच गेलो होतो, पुन्हा गेलो नाही. इथे एकीच्या जागी बारा.

होमस्टेडचा कारखाना बंद झाला १९८६ मध्ये. आमचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. अडीच लाख माणसं बाहेर, आणि तो संप कधी मागे घेतलाच नाही कुणी. म्हणजे एकाच दशकात दोन्हीकडचे भोंगे थांबले. पण होमस्टेडला त्याआधीचंही एक पान आहे. १८९२ च्या जुलैत पोलादसम्राट कार्नेगीच्या कारखान्यात त्याचा कारभारी फ्रिक याने टाळेबंदी केली आणि पिंकर्टन या खाजगी पहारेकरी कंपनीचे तीनशे बंदूकवाले नदीतून तराफ्यांवर आणले. कामगार काठावर उभे राहिले, दिवसभर गोळ्या चालल्या, दोन्हीकडची माणसं मेली. ते पंपहाउस अजून आहे, मॉलच्या एका टोकाला. विटांचं साधं बांधकाम. शनिवारी दुकानं भरलेली असतात आणि इथे चिटपाखरू नसतं.

नदीच्या पलीकडे कॅरी फर्नेस आहे. ६ आणि ७ नंबरच्या दोन झोतभट्ट्या १९०७ पासून १९७८ पर्यंत चालल्या, आता राष्ट्रीय स्मारक. उन्हाळ्यात माहितगार माणूस हिंडवून दाखवतो. आम्हाला जो भेटला तो स्वतः तरुणपणी पोलादात काम केलेला. ब्याण्णव फुटी भट्टीच्या पायथ्याशी वाळूत पाट काढलेले असतात, वितळलेलं लोखंड त्यातून वाहायचं. शेताला पाणी द्यावं तसे बांध घालून ते इकडे-तिकडे वळवायचे. तो पायाच्या टाचेने वाळूत रेघ ओढून दाखवत होता. मी जावयाकरवी विचारलं, ऐकू नीट येतं का तुम्हाला? तो हसला आणि डावा कान पुढे केला. माझ्या वडिलांचाही डावा बरा होता. साच्यांच्या खडखडाटात उजवा गेला.

त्याला सांगितलं की माझे वडील कापडाच्या गिरणीत होते, मुंबईत. त्याने विचारलं, "आता तिथे काय आहे?" मी म्हटलं, "मॉल." तो म्हणाला, "अर्थात."

अनुस्वार

काका, लांबण कसली. लिहा अजून.

अवांतर: जमशेदपूरचा पहिला नगर आराखडा ज्युलियन केनेडी आणि ॲक्सेल साहलिन यांच्या कंपनीने केला, आणि केनेडी पिट्सबर्गचा. म्हणजे टाटांच्या पोलादाची नाळही तिकडेच पुरलेली आहे.

पेठेतला_तिरकस

सगळं छान चाललंय, म्हणून मी आलो. दोन वर्षं होतो तिथे, आता बोस्टन.

जो तो पिट्सबर्गचं पुनरुज्जीवन झालं म्हणतो, तेव्हा कोण मेलं नि कोण जिवंत झालं हे एकदा तपासा. पिट्सबर्गचा 'पहिला रेनेसाँ' म्हणतात तो युद्धानंतरचा. महापौर लॉरेन्स आणि धनिक मेलन एकत्र आले, धुराचा कायदा राबवला, संगमावरची गोदामं पाडून बाग केली. उत्तम. भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत असलेल्या गावाला ते हवंच होतं. पण त्याच झपाट्यात हिल भागातली वस्ती पाडली. आठ हजार माणसं उठवली, बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांच्या घरांवर घुमटाचं क्रीडागृह उभं केलं, १९६१ मध्ये. पन्नास वर्षांनी क्रीडागृहही पाडलं. जागेवर गाड्या लागायच्या.

आताचं पुनरुज्जीवन म्हणजे विद्यापीठं, रुग्णालयं आणि रोबो. नाबिस्कोच्या बिस्किट कारखान्यात गूगल बसलंय. हेझलवूडला कोक प्लांट (कोक म्हणजे पोलादासाठी भाजलेला कोळसा) होता तिथे आता रोबोंची प्रयोगशाळा, जुन्या मिलचा सांगाडा ठेवून वर सौर पॅनल. दिसतं देखणं, नाही म्हणत नाही. पण तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर ब्रॅडॉक आहे. १९२० च्या सुमारास वीस हजारांची वस्ती होती, आता दोन हजारही नाही. कार्नेगीने अमेरिकेतलं पहिलं ग्रंथालय बांधलं ते तिथेच, १८८९ ला. आणि गंमत म्हणजे १८७५ चा पोलाद कारखाना तिथे अजून चालू आहे. कारखाना आहे, गाव नाही.

हवेबद्दल कुणी बोललंच नाही. हिवाळ्यात थंड हवा दरीत अडकते आणि सकाळी खिडकी उघडली की सडक्या अंड्याचा वास. त्यासाठी सीएमयूवाल्यांनी ॲप काढलंय, वास आला की नोंदवायचा. रोबोंच्या गावात नाक अजून माणसाचंच लागतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये क्लेअरटनच्या कोक प्लांटमध्ये स्फोट झाला, कामगार गेले. तेव्हा धूर 'गेला' असं नका म्हणू.

कातरवेळ

तिरकसराव, धूर गेला असं मी कुठेच म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. :) बाकी सहमत. माझी मुलगी त्या ॲपवर नियमित नोंदी करते, शाळेच्या बसची वाट बघताना. आणि ज्या गल्लीत आम्ही घर घेतलं तिथल्या शेजारीण आजी पन्नास वर्षांपासून राहतात. त्यांच्या घराचं मूल्यांकन वाढलं की त्यांना आनंद होत नाही, करच वाढतो. आमच्यासारखे आले म्हणून ते वाढतं, हेही मला कळतं. त्या मला कुकीज देतात. मी काय करू, परत पाठवू?

पेठेतला_तिरकस

कुकीज परत पाठवू नका. पिट्सबर्गच्या आजींच्या कुकीज परत पाठवण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही. तिथल्या एका लग्नात केकच्या शेजारी वीस प्रकारच्या घरगुती कुकीजचं टेबल पाहिलंय. सगळ्या मावश्या-आत्यांनी करून आणलेल्या. रुखवतच तो.

चाक_पंक्चर

धागा उशिरा दिसला. माझा विषय एकच, सायकल.

ग्रेट अलेगेनी पॅसेज, लाडाने गॅप. पिट्सबर्गच्या संगमापासून मेरिलँडच्या कंबरलँडपर्यंत १५० मैल, आणि तिथून जुन्या कालव्याच्या काठाने वॉशिंग्टन डीसीपर्यंत आणखी १८४. एकही मोटार नाही. गॅपची वाट म्हणजे कोळसा नि पोलाद वाहणाऱ्या रेल्वेचा उखडलेला मार्ग. रूळ काढले, चुनखडीची बारीक खडी दाबून पसरली. जुन्या आगगाडीला चढ झेपायचा नाही, म्हणून वाटेला चढ जवळजवळ नाहीच. मालगाडीची ही पुण्याई माझ्या गुडघ्यांना लाभली.

मागच्या सप्टेंबरमध्ये मी नि एका मित्राने गॅप चार दिवसांत केलं. पहिला दिवस गावातलाच. काकांनी सांगितलेली होमस्टेडची ती धुराडी, मग मॅकीसपोर्ट, तिथून यॉकिओगेनी नदी. (हे नाव कुणालाच उच्चारता येत नाही, सगळे 'यॉक' म्हणतात.) पुढे सत्तरेक मैल ही नदी तुम्हाला सोडत नाही. एका ठिकाणी कड्यावरून पाणी पडतं ते तांबडंलाल. आधी वाटलं माती असेल. खाली दगडांवर गंजाचा जाड थर. बंद पडलेल्या खाणीतून लोखंड विरघळून येतं ते. मित्र म्हणाला फोटो काढ, मी काढलाही, पण त्याच्या पुढे डबा उघडावासा वाटेना. पुढे मैलभर जाऊन थेपले खाल्ले.

सगळ्यात उंच जागा २,३९२ फूट. तिथे पाणलोटाची रेघ आहे. अलीकडचं पाणी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला, पलीकडचं चेसापीकला. त्यानंतर बिग सॅव्हेज बोगदा, ३,२९४ फूट लांब, आत दिवे आहेत, पण सप्टेंबरातही दात वाजतात. हिवाळ्यात दारं लावून घेतात. बोगद्यातून बाहेर पडलात की खाली दऱ्याच दऱ्या, आणि तिथून कंबरलँडपर्यंत बावीसेक मैल नुसता उतार. ब्रेक आणि देव.

उलट दिशेने सुरुवात करायची असेल तर पहिल्याच दिवशी तो चढ येतो, एवढं लक्षात ठेवा. परतीला कंबरलँडहून ॲमट्रॅकची आगगाडी मिळते, सायकलची जागा आधी राखून ठेवायची. मध्यरात्रीच्या सुमारास पिट्सबर्गात उतरवते. आम्ही चिखलाने इतके माखलो होतो की टॅक्सीवाल्याने आधी डिकीतली ताडपत्री काढून सीटवर घातली.

कातरवेळ

थेपले मैलभर पुढे नेऊन खाल्ले हे फार आवडलं.

त्याच वाटेवरचं ओहायोपाइल आम्ही सायकलशिवाय करतो. गावातून गाडीने दीड तास. राफ्टिंग आहे, कुकुंबर फॉल्स आहे, आणि मेडो रनमध्ये खडकाला पाण्याने आपोआप घसरगुंडी केली आहे. पोरं तिच्यावरून शंभरदा घसरतात, चड्ड्यांच्या मागे भोकं पाडून घेतात. जुन्या चड्ड्या घालून न्याव्यात.

तिथून चार मैलांवर फॉलिंगवॉटर. एडगर कॉफमन नावाचा पिट्सबर्गचा पेढीवाला, म्हणजे मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचा मालक. त्याची ओढ्याकाठी धबधब्यासमोर सुट्टी घालवायची जागा होती. फ्रँक लॉइड राइटला सांगितलं, इथे घर बांध. त्याला वाटलं होतं धबधबा दिसेल असं घर मिळेल. राइटने १९३५ मध्ये धबधब्यावरच घर काढून दिलं. घरातून धबधबा दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. २०१९ पासून जागतिक वारसा. तिकीट आधी काढावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही.

सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्या राजापूरच्या. सगळे लोक सज्ज्यावर उभे राहून नि:शब्द झाले होते, दिवाणखान्यातून जिना थेट ओढ्याच्या पाण्यात उतरतो तो बघत. सासूबाईंनी भिंतीला हात लावता येत नाही म्हणून नुसतं नाक जवळ नेलं आणि मला म्हणाल्या, "ओल आहे गो." नंतर वाचलं तर खरंच, पहिल्यापासून गळतंय ते घर. सज्जेही खाली झुकले होते, २००२ मध्ये आतून पोलादी तारा ओढून सावरले. म्हटलं, जगप्रसिद्ध वास्तुरचना आणि राजापूरच्या बाईने एका श्वासात निदान केलं.

मॉन्रोव्हिलकर_मावशी

हाहाहा. सासूबाईंना नमस्कार सांग.

आईवडील आले की दोन ठिकाणं हमखास. एक, वेस्ट व्हर्जिनियातलं न्यू वृंदावन, गाडीने दीड तास. हरे कृष्णवाल्यांनी डोंगरात सोन्याचा मुलामा दिलेला महाल बांधला, १९७९ चा. वाटेत कोळशाचे डबे ओढणाऱ्या गाड्या, गायी, आणि एकदम कळस. दुसरं, कॅथेड्रल ऑफ लर्निंग. विद्यापीठाची बेचाळीस मजली इमारत. तिच्यात निरनिराळ्या देशांच्या वर्गखोल्या आहेत, भारताची खोली नालंदाच्या धर्तीवर. माझे वडील गणिताचे मास्तर होते, त्या बाकावर बसून उठेचनात.

ऑक्टोबरात कुणी ओहायोपाइलला येणार असाल तर सांगा, पानं लाल झालेली असतात. मी साबुदाणा भिजवते.

चाक_पंक्चर

मी येतो. सायकलने. साबुदाणा राखून ठेवा, उशीर होईल.

ऑगस्टात_येतोय

आलो! शेवटी स्क्विरल हिलला चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. मित्र विमानतळावर घ्यायला आला होता. ताईंनी लिहिलेलं म्हणून बोगद्यात शिरल्याबरोबर फोन काढून तयार बसलो. बाहेर पडलो तेव्हा कॅमेरा उलटा होता, शहराऐवजी माझा स्वतःचाच तोंड उघडलेला फोटो आलाय.

काका, कॅरी फर्नेस बघायची आहे. एकट्याने जायचं धैर्य नाही होत. तुम्ही आहात का सध्या इथे?

लालबागचा_भोंगा

आहे, नोव्हेंबरपर्यंत. शनिवारी सकाळी ये, मी तुला दुसऱ्या खेपेला येतोय असं सांगून स्वस्तात नेईन असं नाही, तिकीट दोघांनाही पडेल. बूट घालून ये. चपलेवर आत सोडत नाहीत.